डिस्कमध्ये अडकलेला धवला

हार्ड डिस्क बंद पडल्याचं मला मंगळवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास कळलं. ती नेमकी कधी बंद पडली हे सांगता येत नाही, कारण त्याआधी महिनाभर मी तिला हात लावला नव्हता. केबल जोडली, निळा दिवा लागला, आतून बारीक टकटक ऐकू आली आणि स्क्रीनवर काहीच उमटलं नाही. दोन मिनिटांनी एक चौकट आली. ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करायची का? मी ‘नाही’वर बोट दाबलं. फॉरमॅट म्हणजे आतलं सगळं पुसून डिस्क कोरी करणं. पुढच्या चार दिवसांत हा प्रश्न मला यंत्राने अकरा वेळा आणि माणसांनी चार वेळा विचारला.

त्या डिस्कवर माझ्या वृत्तपत्रातल्या नोकरीचा ऐवज होता: बातम्या, फोटो, मुलाखती, ग्रामसभांची टिपणं. त्यातलं बहुतेक गेलं असतं तरी कोणाचं काही अडलं नसतं, माझंही नाही. अडणार होतं ते एकाच रेकॉर्डिंगमुळे, आणि ते मला त्याच आठवड्यात हवं होतं.

तीन वर्षांपूर्वी खारेपाटातल्या एका गावात मी चार दुपारी एका धवलारणीसमोर बसले होते. आमच्या अलिबागहून पेणकडे जाताना खाडीलगत जो खारट जमिनीचा पट्टा लागतो, तो खारेपाट. तिथल्या आगरी लग्नांत विधी धवलारीण चालवते. ती धवले म्हणते, म्हणजे लग्नाची गाणी, आणि प्रत्येक विधीचा धवला वेगळा असतो. ही बाई तेव्हा सत्तरीच्या पुढे होती, तरुणपणी मिठागरात राबलेली, आवाज खणखणीत. चार दुपारींत तिने मला सगळे धवले म्हणून दाखवले. मी त्यावर चारशे शब्दांचा मजकूर दिला. रविवारच्या पुरवणीत जागा कमी होती म्हणून त्यातले तीनशे छापले गेले.

निघताना ती म्हणाली होती, “बाय, ह्ये तुज्याकडं ठेव. माज्या सुनंला लागंल तवा दे.”

मी हो म्हणाले. एक प्रत लगेच काढून तिला द्यायला हवी होती. ती काढायची राहिली. नंतर मी निवृत्त झाले, मग घरी बसून सगळं नीट लावू असं ठरवलं, आणि तेही राहिलं.

गेल्या पावसाळ्यात त्या बाईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. तोंडातून एकच शब्द येतो, “व्हय.” पाणी हवं का, व्हय. पाणी नको का, व्हय.

दिवाळी झाल्यावर सोमवारी संध्याकाळी तिच्या सुनेचा फोन आला. तुळशीची लग्नं उरकली होती आणि गावातलं पहिलं लग्न पुढच्या गुरुवारच्या हळदीने सुरू होत होतं. सासूच्या जागी आता तिने बसायचं होतं.

“ताई, चाली सगल्या येतात मला,” ती म्हणाली. “पन आय म्होरं म्हनायची आनि मी मागनं. मागचीला निसती शेपटी धरायची आसते. म्होरं कोन येतं त्ये मला कुटं ठावं?”

तिची अडचण हळदीच्या धवल्याची होती. त्यात आधी देवांना आवतण, मग गावातल्या घराघरांतल्या वाडवडिलांना. कोणामागून कोण हा क्रम ठरलेला. एका ठिकाणी वरच्या आळीतलं एक घर आणि खालच्या आळीतलं एक घर लागोपाठ येतात. ही दोन्ही घरं मूळची एकाच कुळातली, आणि आधीचा मान आपला असं दोघांचंही म्हणणं. सासू म्हणत होती तोवर कोणी आवाज काढला नव्हता. ती म्हणायची ते ऐकून घ्यायचे. तिचं बोलणं गेल्यावर दोन्हीकडच्यांनी तिच्या खाटेशी जाऊन विचारलं. वरची आळी आधी ना? व्हय. खालची आळी आधी ना? व्हय. आता दोन्ही आळ्यांकडे तिचा शब्द होता.

“चुकीचं घेतलं तर ज्याचं मागं जाईल त्यो मांडवातनं उटनार,” सून म्हणाली. “आनि माज्याकडं पुन्ना कोनी धवला मागनार न्हाय. पयल्याच हळदीला म्हंजे कायमचंच झालं. आयचं टेपिंग तुमच्याकडं हाय ना?”

“आहे,” मी म्हणाले. “उद्या पाठवते.”

म्हणून मंगळवारी सकाळी मी ती डिस्क कपाटातून काढली होती.

काम पद्धतशीर करावं ही नोकरीतली सवय. मी वही उघडली आणि नोंदी सुरू केल्या. वेळ, केबल कोणती, लॅपटॉपचं कोणतं भोक, दिवा लागला का, आवाज आला का. केबल बदलली. दुसरी बदलली. लॅपटॉप बंद करून चालू केला. नवऱ्याच्या जुन्या संगणकावर लावून पाहिली. डिस्क उभी धरली, आडवी धरली, उलटी धरली. उलटी धरल्यावर एकदा फोल्डरांची नावं दिसली आणि मी हात लावायच्या आत गेली. त्यानंतर पुढचे दोन तास मी ती उलटीच लावत होते. संध्याकाळपर्यंत वहीची तीन पानं भरली.

बुधवारी एसटी स्टँडजवळच्या दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानात मोबाइलची कव्हरं, झेरॉक्स, आधारकार्डाचं लॅमिनेशन आणि संगणक दुरुस्ती अशी सगळी कामं एकाच टेबलावर होतात. दुकानदाराने डिस्क कानाशी नेली, डोळे मिटले आणि निदान केलं.

“हेड अडकलाय. थोडं ठोकलं की सुटतो.”

मी नको म्हणेपर्यंत त्याने ती टेबलाच्या कडेवर दोनदा आपटली होती. मग लावून पाहिली. टकटक वाढली.

“मॅडम, फॉरमॅट मारू का? एकदम नव्यासारखी होईल.”

“आतलं राहील का?”

“आतलं कसं राहील?”

“मग मला नव्यासारखी कशाला हवी आहे?”

तो जरा दुखावला. “काय होतं आत एवढं? फोटोच ना? नवीन काढा. आता मोबाइलला कॅमेरे बघा कसले येतात.”

मी त्याला रेकॉर्डिंगचं सांगितलं. त्याने मान डोलावली आणि म्हणाला, “यूट्यूबला बघितलं का? आगरी गाणी ढिगाने आहेत. डीजेवाली पण आहेत.”

डिस्क घेऊन मी घरी आले. नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. तो निवृत्त शिक्षक आहे आणि कोणत्याही प्रश्नाला उत्तर असतंच या विश्वासाने त्याने पस्तीस वर्षं काढली आहेत. गुरुवारी सकाळी मी पुन्हा प्रयत्न करायला बसले तर डिस्क टेबलावर नव्हती. घरभर शोधली. दुपारच्या भातासाठी डब्यातून तांदूळ काढायला गेले तेव्हा माप कशाला तरी आपटलं.

“तू हिला तांदळात पुरलंस?”

“अगं, माझा मोबाइल बादलीत पडला तेव्हा तांदळातच ठेवला होता. दुसऱ्या दिवशी चालू.”

“ही पाण्यात पडलेली नाही.”

“आपल्याकडची हवा म्हणजे पाणीच की. दाराच्या कड्या बघ. दर वर्षी बदलतो आपण.”

डिस्कच्या फटींत तांदळाची पिठी बसली होती. मी ती जुन्या टूथब्रशाने काढली आणि मनात आलं ते सगळं बोलून घेतलं. मग वहीत नोंद केली: तांदूळ, सुमारे बारा तास, परिणाम नाही. दिवसभरात आणखी नऊ वेळा लावून पाहिली. सुनेचा दोनदा फोन आला. पहिल्यांदा मी म्हणाले, काम चालू आहे. दुसऱ्यांदाही तेच म्हणाले. फोन ठेवण्याआधी ती क्षणभर गप्प राहिली. ती शांतता मला ओळखीची होती. नोकरीत असताना ज्यांची कामं रखडलेली असायची, ते साहेब लोकांशी बोलताना असेच गप्प राहायचे. तेव्हा मी त्यांच्या बाजूला उभी असायचे.

शुक्रवारी सकाळी मांडव्याहून बोट धरली. डिस्क नॅपकिनमध्ये गुंडाळून मांडीवर ठेवली होती. शेजारच्या बाईने विचारलं, डबा आहे का. मी हो म्हणाले, कारण खरं सांगितलं असतं तर फॉरमॅटचा सल्ला आला असता.

मुंबईत फोर्टात तिसऱ्या मजल्यावर एक प्रयोगशाळा आहे, बंद पडलेल्या डिस्कमधली माहिती काढून देणारी. काम पाहणारी बाई तिशीची असेल. तिने हातमोजे घातले, डिस्कचं प्लास्टिकचं कवच उघडलं, आतली हिरवी पट्टी काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. चित्र समोरच्या पडद्यावर आलं. केबल जिथे शिरते तिथल्या धातूच्या पायांवर हिरवट गंज होता. त्या गंजात लाल ठिपके होते.

“ये लाल क्या है?” ती स्वतःशीच म्हणाली. चिमट्याने एक ठिपका उचलून कागदावर पुसला. कागदावर ओळखीचा रंग उमटला. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मराठीत विचारलं, “मॅडम, हिची पूजा केली होती का?”

केली होती. खंडेनवमीला. आणि नवऱ्याने नव्हे, मी.

आमच्या कचेरीत खंडेनवमीला सगळ्या यंत्रांची पूजा व्हायची. पूर्वी टेलिप्रिंटरची, मग संगणकांची, शेवटी शेवटी कॅमेऱ्याच्या बॅटऱ्यांचीसुद्धा. माझा त्यावर फारसा विश्वास नव्हता आणि त्या दिवशी कचेरीत न जाण्याचं धाडसही नव्हतं. निवृत्त झाल्यावर पूजा घरी आली. पाटावर लॅपटॉप, रेकॉर्डर, कॅमेरा, पेन, नवऱ्याची शाळेतली पट्टी आणि ही डिस्क, असं मांडते. लॅपटॉपला आणि कॅमेऱ्याला मी कोरडं कुंकू वाहते, कारण ते महागाचे आहेत आणि बिघडतील अशी भीती असते. डिस्क म्हणजे नुसता काळा डबा. तिला मी गंधासारखं ओलं कुंकू बोटाने लावलं, वर ओल्या अक्षता, वर झेंडू. काळ्या डब्याला तोंड कोणतं हे कळत नाही, म्हणून ज्या बाजूला भोक होतं ती पुढची धरली. नेमकं तिथे लावलं. दुसऱ्या दिवशी फडक्याने पुसून कपाटात ठेवली. आत गेलेलं ओलं कुंकू आणि आमची खारी हवा यांनी महिनाभरात उरलेलं काम केलं.

मी हे सगळं सांगितलं. ती हसली नाही, याबद्दल मी तिची आभारी आहे.

“हे साफ होतं,” ती म्हणाली. “कुंकवाचं एवढं काही नाही. पण करंट नीट मिळत नव्हता, म्हणून आतला हेड, म्हणजे तबकडी वाचणारी सुई, अर्धवट उठून परत आपटतोय. तोच आवाज. बंद पडल्यावर किती वेळा लावून बघितली?”

अंदाजे सांगणं मला जमत नाही. मी वही पुढे केली.

तिने पानं उलटली. “एकेचाळीस?”

“हो.”

“आणि लिहून पण ठेवलंय.” तिने वही मिटून माझ्याकडे सरकवली. “पहिल्या वेळी थांबला असता ना मॅडम, तर आज संध्याकाळी हातात दिलं असतं. आता प्रत्येक वेळचा एक ओरखडा. आणि हे ठोकलं कोणी?”

ते माझ्या वहीत होतं. बुधवार, अकरा वाजून वीस मिनिटं, दोन वेळा.

तिने मंगळवारचा वायदा केला. काय निघेल याची खात्री दिली नाही. मी तिला फक्त चार फाइलींची नावं लिहून दिली आणि चौथीच्या खाली दोन रेघा मारल्या. हळदीचा धवला चौथ्या दुपारचा होता.

मधल्या दिवसांचं सांगण्यासारखं काही नाही. नवऱ्याने तांदळाचा विषय काढला नाही. मी त्याला कुंकवाचं सोमवारी सांगितलं. तो एवढंच म्हणाला, “माझी पट्टी अजून चालते.”

मंगळवारी परत गेले. तिने पेन ड्राइव्ह दिला आणि स्वच्छ शब्दांत सांगितलं. पहिल्या तीन फाइली पूर्ण. चौथी बावन्न मिनिटांची, तिच्यात एक भोक आहे, अकराव्या मिनिटापासून चौदाव्यापर्यंत. तिथे ओरखडा पडला होता आणि ते आता कोणालाही निघणार नाही.

बोटीवर मी इअरफोन लावले. आवाज तसाच होता, खणखणीत. देव संपले, घरं सुरू झाली. विहिरीजवळचं घर आलं, पिंपळाखालचं आलं. त्यानंतर एक खरखर, आणि मग शांतता. तीन मिनिटं बोटीचं इंजिन ऐकत बसले. आवाज परत आला तेव्हा दोन्ही आळ्यांची ती दोन घरं मागे पडली होती.

मुंबई, मांडवा, पुन्हा मुंबई, सात दिवस, आणि सगळ्या बावन्न मिनिटांतली नेमकी तीच तीन गेली होती. सुनेला काय सांगायचं याची वाक्यं मी मनात जुळवू लागले. रेकॉर्डिंग चालूच होतं. एकोणिसाव्या मिनिटाला गाण्यावर एक दुसरा आवाज आला, रुक्ष, घाईतला.

“एक मिनिट आजी. हे आडनाव कसं लिहायचं?”

तो माझा आवाज होता. गाणारी बाई मध्येच तोडून मी आडनाव विचारत होते, तेही अशा मजकुरासाठी ज्यातून ते आडनाव पुढे कापलं गेलं. मला स्वतःचा इतका राग क्वचित आला असेल. इअरफोन काढणार होते, तेवढ्यात ती बोलली.

“बाय, मदी बोलू नको गं. धवला तुटला. आता पयल्यापासनं घ्यायला लागंल.”

“नको, नको, तिथूनच घ्या ना,” मी म्हणत होते.

“तिथनं कसा घेऊ? आर्ध्या वाटंवरनं बोलावलेले द्येव येतात व्हय? गप बस जरा.”

आणि तिने देवांपासून पुन्हा सुरू केलं. विहिरीजवळचं घर. पिंपळाखालचं. मग खालची आळी, मग वरची, स्वच्छ, एकही खरखर नाही. मी ते पाच वेळा ऐकलं. मांडवा आल्याचं बोटीवरच्या माणसाने हाताला हात लावून सांगितलं.

बुधवारी दुपारी गावात गेले. सुनेने वरच्या आळीतल्या वडीलधाऱ्या गृहस्थांना मुद्दाम बोलावून घेतलं होतं, खालच्या आळीतलेही दोघे आले. म्हातारी खाटेवर टेकून बसली होती. मी रेकॉर्डिंग लावलं. स्वतःचा आवाज ऐकून तिने मान वळवली आणि डाव्या हाताने खाटेच्या काठावर ठेका धरला. भोक आलं तिथे तो हात थांबला नाही. तीन मिनिटं खोलीत फक्त ती टकटक होती, आणि आवाज परत आला तेव्हा हात त्याच ठेक्यात होता.

खालची आळी आधी, हे ऐकल्यावर वरच्या आळीचे गृहस्थ खाकरले.

“ह्ये दुसऱ्या खेपंचं झालं. पयल्या खेपंला येगलं म्हनली आसंल तर? नेमकं तेच कसं उडालं?”

मी उत्तर देणार होते. माझ्याकडे कुंकू, ओरखडा, वही असं सगळं होतं. सुनेने मला बोलू दिलं नाही.

“काका, आयनं जल्मात कंचा धवला दोन परकारानं म्हनलाय? तुमच्या लग्नाला कोन होती?”

“हीच होती.”

“तवा उटलाव का मांडवातनं?”

“तवा मी नवरा होतो, उटून जातो कुटं?”

खोलीत सगळे हसले, तेही हसले. मग म्हातारीच्या खाटेकडे पाहून त्यांनी विचारलं, “खालची आदी?”

“व्हय,” ती म्हणाली.

“मंग ऱ्हावदे,” ते म्हणाले.

गुरुवारी हळदीला मला बोलावणं होतं. सून जात्याशेजारी बसली, मागे तिची जाऊ. म्हातारीची खुर्ची त्यांच्या पाठीशी ठेवली होती. देव झाले, घरं सुरू झाली. वरच्या आळीतले पुरुष मांडवाच्या खांबाला टेकून ऐकत होते. पिंपळाखालचं घर आलं, सुनेने श्वास घेतला, आणि फोटोग्राफर कॅमेरा घेऊन पुढे सरकला.

“वहिनी, एक मिनिट. जरा इकडे बघा.”

सुनेने बघितलं. गाणं तुटलं.

“शिरा पडल्या तुज्या त्वांडात,” मागून कोणी तरी फोटोग्राफरवर खेकसलं. “आता जेवान कवा व्हायचं?”

माझ्या ओठांवरही तसंच काहीसं आलं होतं, पण मला बोलायचा अधिकार नव्हता. म्हातारीने डावा हात सुनेच्या पाठीवर ठेवला आणि दोनदा थोपटलं. सुनेने पदर सावरला, फोटोग्राफरला हाताने मागे सारलं आणि देवांपासून पुन्हा सुरू केलं.

ती पिंपळाखालच्या घरापर्यंत पोचली. खालची आळी झाली. वरची आळी झाली. खांबाशी कोणी हललं नाही.